लिक्विड क्रिस्टल सेलचं अलाइनमेंट पुन्हा पुन्हा बिघडतंय? बाटली बदलण्याआधी काच तपासा

मार्च उलटला की मराठवाड्यातल्या एमएस्सी प्रोजेक्टवाल्या मुलामुलींची तक्रार ठरलेली असते: "सर, सेल पूर्ण काळा दिसतोय, कसाही फिरवला तरी." जुलैत तक्रार बदलते: "सेलमध्ये डाग आहेत, उजेड सगळीकडून गळतोय." आणि थंडीत, विशेषतः परभणीकडून, तिसरी येते: "काल संध्याकाळी छान होता, आज सकाळी पांढरा पडलाय." तिन्ही वेळा पहिला संशय लिक्विड क्रिस्टलच्या बाटलीवर जातो. मटेरियल खराब आलं म्हणून नवी बाटली मागवली जाते, विभागाचे पैसे जातात, आणि नव्या बाटलीतूनही तोच बिघाड निघतो. बहुतेक वेळा दोष एकतर खोलीच्या तापमानात असतो किंवा काचेच्या पृष्ठभागावर. तो कसा पकडायचा आणि काढायचा, ते सविस्तर लिहितो आहे. डोळ्यासमोर ठेवलेली प्रयोगशाळा आपल्या भागातली साधी आहे: क्लीन रूम नाही, एसी असला तर एकाच खोलीत, लाईट कधीही जाऊ शकते.

आपली फिल्म, म्हणजे सेलच्या दोन काचांमधला लिक्विड क्रिस्टलचा थर, जेमतेम ५ ते २० मायक्रॉन जाडीची असते. ५सीबी या नेहमीच्या लिक्विड क्रिस्टलचा रेणू साधारण २ नॅनोमीटर लांब. म्हणजे १० मायक्रॉनच्या सेलमध्ये एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत टोकाला टोक लावून पाचेक हजार रेणू मावतील. काचेला प्रत्यक्ष भिडलेले असतात ते वरचा एक आणि खालचा एक थर, एवढेच. पण आतल्या सगळ्यांची दिशा, म्हणजेच अलाइनमेंट, तेच थर ठरवतात, कारण नेमॅटिकमध्ये, म्हणजे रेणू साधारण एकाच दिशेला राहतात त्या द्रव अवस्थेत, शेजाऱ्यापासून वेगळ्या दिशेला वळायला ऊर्जा लागते. काचेची ही पकड किती घट्ट, त्याला अँकरिंग म्हणतात, आणि ती मोजायला एक सोपा भागाकार आहे: लवचिकतेचा स्थिरांक भागिले अँकरिंगची ऊर्जा. स्थिरांक १० पिकोन्यूटनच्या आसपास धरा. नीट घासलेल्या पॉलिमरच्या थरावर अँकरिंग ०.१ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर असेल, तर उत्तर येतं ०.१ मायक्रॉन. सेलच्या जाडीपुढे हे काहीच नाही, म्हणजे पकड घट्ट आहे. काच मळकट राहिल्यामुळे तीच ऊर्जा १ मायक्रोज्यूलवर घसरली, तर उत्तर १० मायक्रॉन, थेट सेलच्या जाडीएवढं. मग रेणू काचेला जुमानत नाहीत. ते भरतानाच्या प्रवाहाचं ऐकतात, धुळीच्या कणाचं ऐकतात, जे जवळ असेल त्याचं ऐकतात. बाटलीत पैसे आणि काच धुण्यात घाई, हा हिशेब उलटा आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

पहिली तपासणी: आत नेमॅटिक आहे तरी का?

५सीबी नेमॅटिक असतं ते साधारण २३-२४ अंश सेल्सिअसपासून ३५ अंशांपर्यंत. एवढीच खिडकी. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ३७-३८ सहज होतात. त्या तापमानाला तुमच्या सेलमध्ये लिक्विड क्रिस्टल उरलेलंच नसतं, आत साधा आयसोट्रॉपिक, म्हणजे रेणूंना ठरावीक दिशा नसलेला, द्रव असतो. दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्ममध्ये) तो सगळ्या कोनांत काळाच दिसणार.

घोळ असा की होमिओट्रॉपिक सेल, म्हणजे रेणू काचेवर काटकोनात उभे असलेला सेल, तोही सगळ्या कोनांत काळाच दिसतो. पुष्कळ जण उन्हाळ्यातला काळा सेल बघून "आमचं अलाइनमेंट उभं झालं" असं लिहून मोकळे होतात, आणि मग रबिंग, म्हणजे काचेवरचा थर कापडाने घासणं, का चाललं नाही याचा शोध महिनाभर चालतो.

दोन्हींतला फरक बोटाने कळतो. सेल पोलरायझरमध्ये ठेवा आणि वरच्या काचेवर लाकडी टूथपिकने हलकेच दाबा. उभं अलाइनमेंट असेल तर दाबताक्षणी उजेडाची लहर उठते आणि सोडल्यावर विझते, कारण द्रव सरकताना रेणू कलतात. आयसोट्रॉपिक असेल तर काळं ते काळंच राहतं. आणि प्लेनर सेल, म्हणजे रेणू काचेला समांतर आडवे असलेला, पूर्ण फेरीत चार वेळा काळा होतो आणि मधल्या ४५ अंशांच्या कोनांत लख्ख दिसतो. पोलरायझिंग मायक्रोस्कोप नसेल तरी ही तपासणी अडत नाही. एलसीडी मॉनिटरचा पांढरा पडदा हाच एक पोलरायझर, आणि भंगारातल्या कॅल्क्युलेटरवरून सोडवलेली फिल्म हा दुसरा.

थोडं विषयांतर करतो, कारण मला हा भाग फार आवडतो. ३५ अंशांच्या वर सेल काळा झाला तरी काचेची पकड पूर्ण सुटलेली नसते. संक्रमणाच्या तापमानाच्या अगदी जवळ, काचेलगतच्या काही नॅनोमीटरमध्ये, रेणू अजून थोडेफार रांगेत असतात, जरी मधला सगळा द्रव अस्ताव्यस्त झालेला असला. भौतिकशास्त्रज्ञ मियानो यांनी १९७९ मध्ये आयसोट्रॉपिक अवस्थेतलं हे उरलेलं द्विअपवर्तन (रेणूंच्या दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलणं) मोजून दाखवलं. डोळ्याला ते दिसत नाही, सेल आपल्याला काळाच दिसतो. पण पुढे स्मृतीचा जो त्रास सांगणार आहे, तो समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा: द्रव तापवून आतला क्रम मोडला म्हणजे काचेवरचा क्रमही पुसला, असं होत नाही.

उन्हाळ्यावरचा उपाय सोपा आहे. एसीची खोली मिळाली तर उत्तमच. नाही तर पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा स्टीलच्या पातेल्यात ठेवा, पातेल्यात माठातलं पाणी ओता, आणि ठोकळ्याच्या कोरड्या माथ्यावर सेल ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी तिशीच्या खाली राहतं आणि सेल पुन्हा नेमॅटिकमध्ये येतो. हवा इतकी कोरडी असते की काचेवर दव धरत नाही. सेलशेजारी थर्मामीटर लावा आणि प्रत्येक फोटोखाली तापमान लिहा. कूलर मात्र सेल बनवायच्या खोलीत नको. तो धूळ आणि ओल दोन्ही थेट काचेवर आणून टाकतो. प्रोजेक्ट मे महिन्यातच संपवायचा असेल आणि ५सीबीचाच आग्रह नसेल तर ई७ हे लिक्विड क्रिस्टलचं मिश्रण घ्या. ते जवळजवळ ६० अंशांपर्यंत नेमॅटिक राहतं आणि आपला उन्हाळा त्याच्या वाटेला जात नाही.

दुसरी तपासणी: डाग त्याच जागी परत येतो का?

नेमॅटिक आहे हे कळलं आणि तरी डाग, धागे, गळका उजेड दिसतोय. आता फोटो काढा. सेल ४० अंशांपर्यंत तापवा, पूर्ण काळा होऊ द्या, मग हळूहळू खाली आणा आणि त्याच कोनात, त्याच जागेचा दुसरा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवा. डाग नव्या जागी गेले असतील तर दोष भरण्यात किंवा थंड करण्यात आहे. त्याच जागी, त्याच आकारात परतले असतील तर ते काचेवर आहेत. पंधरा मिनिटांचं हे काम कुणी करत नाही आणि आठवडे वाया घालवतं. मला विचाराल तर अख्ख्या विषयात याहून उपयोगी तपासणी नाही.

काचेवरच्या दोषाला आकारावरून ओळखायचं. गोलसर कड्या, एकात एक, म्हणजे पाण्याचा थेंब वाळला. रबिंगच्या दिशेला सरळ, टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या रेघा म्हणजे जास्त घासलं किंवा कापडात खडा होता. सुटा चमकता ठिपका, त्याच्या दोन बाजूंना उजेडाच्या छोट्या पाकळ्या, म्हणजे धुळीचा कण. भरण्याच्या तोंडापासून पंख्यासारखं पसरत गेलेलं वळणदार चित्र म्हणजे प्रवाहाची छाप.

पाणी

कड्यांची तक्रार आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि कारण उघड आहे. बेसाल्टच्या थरातून उपसलेलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. टँकर आला तरी त्यात बहुधा बोअरचंच पाणी. त्या पाण्याने शेवटचं धुणं झालं आणि काच तशीच वाळू दिली, की प्रत्येक थेंब आपल्या कडेला क्षारांची कडी सोडून जातो. डोळ्याला काच स्वच्छ दिसते. पण त्या कडीवर पॉलिमरचा थर वेगळा बसतो, आणि पोलरायझरमध्ये ती लगेच उठून दिसते. शिवाय हेच क्षार आयन होऊन द्रवात उतरतात आणि व्होल्टेज लावल्यावर वेगळाच गोंधळ घालतात.

साबणाचं धुणं नळाच्या पाण्याने चालेल. शेवटची दोन-तीन धुणी डिस्टिल्ड पाण्यानेच हवीत. विभागातलं डिस्टिलेशन युनिट बंद असेल तर बरेच जण बॅटरीच्या दुकानातलं पाणी आणतात. आणा, पण आधी परीक्षा घ्या: स्वच्छ स्लाइडवर एक थेंब ठेवून ओव्हनमध्ये वाळवा आणि मायक्रोस्कोपखाली बघा. कडी दिसली की ते पाणी फक्त बॅटरीसाठी. धुतल्यावर काच उभी धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. मध्येच फाटून थेंब धरले तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा साबणापासून सुरुवात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि काच वाळवायची ती तिरकी धरून रबरी फुग्याच्या हवेने. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक तुषार जातात. ॲसिटोन उघड्यावर वाळू देणं हेही डागांचं नेहमीचं कारण. ॲसिटोन वापरलं तर ते सुकण्याआधी अल्कोहोलने धुऊन काढा.

घासणं

घासून रेणू एका दिशेला आणायची युक्ती जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मोगँ यांनी १९११ मध्ये कागदाने घासलेल्या काचेवर नेमॅटिक त्या दिशेला वळतं हे नोंदवलं. असं का होतं याचं एक उत्तर भौतिकशास्त्रज्ञ बेरेमन यांनी १९७२ मध्ये दिलं: घासल्याने बारीक चऱ्या पडतात आणि चरीला आडवं वाकून राहण्यापेक्षा चरीच्या दिशेने पडून राहणं रेणूंना स्वस्त पडतं. पुढे कळलं की पॉलिमरच्या थरावर मुख्य काम चऱ्यांचं नसून ताणल्या गेलेल्या साखळ्यांचं आहे. घासताना वरच्या पातळ कातडीतल्या साखळ्या एका दिशेला ओढल्या जातात आणि लिक्विड क्रिस्टलचे रेणू त्यांना धरून बसतात. याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. मायक्रोस्कोपखाली चऱ्या ठळक दिसल्या म्हणजे घासणं छान झालं, असा समज असतो. तसं नाही. दिसणारी चरी म्हणजे बहुधा थर खरवडला गेला, आणि खरवडलेला पॉलिमरचा भुगा तिथेच पडला.

थरासाठी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) वापरत असाल तर साधारण १ टक्क्याचं द्रावण पुरतं. ते ९० अंशांच्या आसपास ढवळत पूर्ण विरघळवा आणि गाळून घ्या; न विरघळलेली गाठ म्हणजे सेलमधला कायमचा डोंगर. स्पिन कोटिंगनंतर, म्हणजे काच गरगर फिरवून थर पसरल्यावर, ११०-१२० अंशांना तासभर भाजा. मग मखमल. लव आखूड आणि सारखी हवी. विणीत नक्षी असलेलं कापड नको, मग ते आपल्या छत्रपती संभाजीनगरचं हिमरू का असेना, कारण उंचसखल धागे काचेवर पट्टे पाडतात. मखमल सपाट ठोकळ्याला घट्ट गुंडाळा, हाताने दाब देऊ नका, ठोकळ्याचं वजनच पुरे. एकाच दिशेने ओढा. परत येताना ठोकळा उचलून आणा. मागेपुढे घासणाऱ्यांचे सेल शून्य व्होल्टेजला ठीक दिसतात आणि व्होल्टेज लावल्यावर तुकड्यातुकड्यांत फुटतात. घासण्याची दिशा काचेच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बाणाने लिहा.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत घासताना काच विजेने भारली जाते आणि मखमलीचे तंतू, खोलीतली धूळ, सगळं ओढून घेते. आयटीओची, म्हणजे वीज वाहणाऱ्या पारदर्शक थराची, काच असेल तर अर्थिंगच्या तारेला जोडलेल्या धातूच्या क्लिपने ती धरा, आणि घासल्यावर फुग्याने हवा मारा. खिडकी बंद, पंखा बंद. घाम येईल, पण सेल निघेल.

दोन काचा जोडताना बाण एकमेकांच्या विरुद्ध ठेवा. घासल्यामुळे रेणू काचेला अगदी सपाट न पडता काही अंश उचललेले असतात. बाण विरुद्ध असले तर वरचा आणि खालचा कल जुळतो. एकाच दिशेला ठेवले तर फिल्मच्या मध्यावर त्यांना पसरावं लागतं. कडेला लावायचा दोन भागांचा इपॉक्सी पूर्ण सुकल्याशिवाय सेल भरू नका, कच्चा इपॉक्सी द्रवात उतरतो आणि कडेकडून आत सरकणारा पट्टा तयार होतो.

भरणं आणि थंड करणं

नेमॅटिक अवस्थेत भरू नका. ५सीबी प्रवाहाच्या दिशेला जवळजवळ समांतर वळतं, आणि वळलेल्या स्थितीत काचेवर बसलेले पहिले रेणू तिथेच चिकटतात. मग पुढच्या रेणूंसाठी काच म्हणजे तेच चिकटलेले रेणू. वर म्हटलेला पंखा असा तयार होतो, आणि तापवून थंड केल्यावरही तो त्याच जागी परत येतो (हाच तो स्मृतीचा त्रास), कारण पुसला गेला तो आतला द्रव, काचेवरचा थर नाही. म्हणून रिकामा सेल आणि थेंब दोन्ही ४०-४५ अंशांवर आणा, थेंब तोंडाशी ठेवा आणि केशाकर्षणाने आत जाऊ द्या. पंखा पडलाच असेल तर सेल ५०-६० अंशांवर काही तास ठेवून बघा. फिकट झाला तर ठीक, नाही तर नव्या काचा.

३७ ते ३३ अंशांचा टप्पा सावकाश पार व्हायला हवा, मिनिटाला एक अंश किंवा त्याहून हळू. घाईने थंड केलं की जागोजागी वेगवेगळ्या दिशांची बेटं जन्मतात आणि त्यांच्या सीमांवर धागे अडकतात. पकड घट्ट असेल तर हे धागे आपोआप आखडून नाहीसे होतात, सैल असेल तर राहतात. हॉट स्टेजवर, म्हणजे तापमान नेमकं राखणाऱ्या बैठकीवर, हे सहज जमतं, पण मध्येच लाईट गेली की सेल धाडकन खाली येतो. तोच जाड धातूचा ठोकळा इथेही कामी येतो: सेल त्यावर ठेवून तापवा, वरून कापूस आणि थर्माकोलचं झाकण. वीज गेली तरी ठोकळा आपली उष्णता हळूच सोडत राहतो.

पावसाळा

पीव्हीए पाण्यात विरघळणारा पॉलिमर आहे, दमट हवेत तो ओल धरतो आणि ओढून सरळ केलेल्या साखळ्या ढिल्या पडतात. जूनमध्ये घासून ठेवलेल्या काचा जुलैत वापरल्या तर डाग येणारच. पावसाळ्यात भाजणं, घासणं, जोडणं आणि भरणं एकाच दिवसात उरका. मधला वेळ डेसिकेटरमध्ये. निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर नाही, नुसता डबा आहे. जेल ११०-१२० अंशांना भाजून पुन्हा निळी करा. पॉलिमाइड मिळत असेल तर पावसाळ्यासाठी तोच घ्या, फक्त त्याला भाजायला दोनशेच्या वरचं तापमान लागतं आणि सगळ्या ओव्हनना ते झेपत नाही.

एमबीबीए हे दुसरं लिक्विड क्रिस्टल वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे बाटलीवरचा संशय खरा निघू शकतो, कारण हा शिफ बेस आहे आणि ओलाव्याने तुटतो. पारखायचं ते क्लिअरिंग तापमानावरून, म्हणजे नेमॅटिक संपून सेल काळा होतो त्या तापमानावरून: चांगलं एमबीबीए ४५-४७ अंशांच्या आसपास काळं होतं. तुमचं चाळिशीच्या आतच काळं होत असेल, किंवा काळे थेंब आणि उजळ भाग काही अंशांपर्यंत एकत्र दिसत असतील, तर ते बिघडलं. ५सीबीलाही हीच परीक्षा लावा. ३५ च्या जवळ एका झटक्यात काळं झालं की बाटलीला दोष देणं बंद.

उभं अलाइनमेंट

लेसिथिन किंवा सीटॅब (साबणासारखं काम करणारं रसायन) काचेवर लावून रेणू उभे करायचे असतील तर थर पातळ हवा. घट्ट द्रावणातून काढलेल्या काचेवर सीटॅबचे स्फटिक सुयांसारखे दिसतात. सौम्य द्रावण घ्या, काच हळू वर ओढा. लेसिथिन काही दिवसांत द्रवात उतरतं आणि कडेकडून उजेड शिरू लागतो, तेव्हा मोजमापं सेल ताजा असतानाच उरका.

थंडी

परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो आणि ५सीबी गोठतं. सकाळचा पांढरा सेल तो हाच. फेकू नका. ४० अंशांपर्यंत तापवा, सावकाश खाली आणा, बहुतेक वेळा पहिल्यासारखा होतो. गोठताना आकुंचन होऊन आत पोकळी धरली असेल तर तोंडाशी एक थेंब ठेवून तापवा, म्हणजे ती भरून निघेल.

हे सगळं झाल्यावर, शून्य व्होल्टेजला सेल स्वच्छ दिसत असताना, १ किलोहर्ट्झचं एसी व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. डीसी लावू नका, आयन सरकतात आणि द्रव घुसळला जातो. प्लेनर ५सीबी सेल ०.७-०.८ व्होल्टच्या आसपास बदलायला लागतो, आणि हा उंबरठा जाडीवर अवलंबून नसतो. त्याच्या बऱ्याच आधीपासून उजेड हळूहळू सरकत असेल तर काचेवरचा कल जास्त आहे, रबिंगचा दाब कमी-जास्त करून बघा. त्याच्या बऱ्याच वरच्या व्होल्टेजला सेल जागा होत असेल तर पॉलिमरचा थर जाड झालाय आणि व्होल्टेजचा वाटा तोच खातोय, पुढच्या वेळी द्रावण पातळ करा. आणि काचांमधलं अंतर राखणाऱ्या स्पेसरच्या कडेला राहिलेल्या एक-दोन रेघा मोजमापाच्या जागेपासून दूर असतील तर त्यांच्या मागे लागू नका.